बॅग नागपूरला, तू ठाण्यात?

अगं, किती घाबरली आहेस! तुझे सगळे मेसेज वाचले, तिकिटाचा फोटोही मोठा करून करून बघितला. नेवार्क, फ्रँकफर्ट, मुंबई, नागपूर. आणि महिन्याभराने तेच उलटं. दोन मोठ्या बॅगा, एक हातातली, शिवाय कडेवर पिल्लू. त्यात मावशीचा आग्रह, की मुंबईला उतरतेच आहेस तर आधी ठाण्याला ये, चार दिवस राहा आणि मग विदर्भ एक्स्प्रेसने आरामात नागपूर गाठ. तू विचारते आहेस, "ताई, शेवटचं मुंबई-नागपूर विमान सोडूनच दिलं तर? पैसे तर भरलेलेच आहेत ना?"

प्रश्न रास्त आहे गं. जागेचे पैसे भरलेत, आता बसायचं की नाही हे आपण ठरवणार, असं कुणालाही वाटेल. पण विमान कंपनीचा हिशोब वेगळा असतो. तू न सांगता मुंबईत थांबलीस, की नागपूरच्या विमानात तुझ्या नावापुढे 'नो-शो' लागतं आणि त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पे रद्द होतात. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं असतं. तुझ्या तिकिटावर पुढचे टप्पे म्हणजे काय, तर तुझा अख्खा परतीचा प्रवास! विणकामात एक टाका सुटला की पुढचं सगळं उसवत जातं ना, अगदी तसं. आणि हे कळतं कधी? महिन्याभराने, नागपूरच्या काउंटरवर, पिल्लू कडेवर रडत असताना.

उलट बाजूनेही हेच होतं बघ. जाताना सगळे टप्पे नीट केलेस आणि परत येताना वाटलं, की नागपूरहून रेल्वेने मुंबईला येऊ आणि तिथून फ्रँकफर्टचं विमान पकडू, तर तेही चालत नाही. नागपूर-मुंबई टप्पा चुकला की पुढचं लांबचं विमान तुझं राहत नाही. टप्पे ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने वापरायचे, हा नियम पक्का लक्षात ठेव.

म्हणजे मावशीकडे जायचंच नाही का? जायचं की! फक्त चोरून नाही, सांगून. आजच कंपनीला किंवा ज्या एजंटकडून तिकीट काढलंस त्याला फोन कर आणि सरळ सांग, "मला जाताना मुंबईपर्यंतच जायचं आहे, परतीचा प्रवास मात्र नागपूरहूनच हवा." ते तिकीट बदलून पुन्हा काढून देतील. कदाचित वर पैसे मागतील, आणि तुझं डोकं फिरेल, की प्रवास कमी केला तर पैसे जास्त कसे? खरं सांगू का, विमानाचं भाडं किलोमीटरवर ठरतच नाही. त्या दोन शहरांमध्ये मागणी किती, समोर कुणाची थेट विमानं आहेत, यावर ठरतं. म्हणून कधी कधी लांबचं तिकीट स्वस्त आणि जवळचं महाग निघतं. फरक ऐकून घे, मावशीच्या पुरणपोळीची किंमत त्यात बसते का बघ आणि मग ठरव. बसत नसेल तर विमानाने नागपूरला जा आणि ठाण्याला नंतर ये. मावशी चार दिवस रुसेल, पण परतीचं नवीन तिकीट काढायला ती पैसे देणार नाहीये.

पुढच्या वेळी तिकीट काढतानाच 'मल्टी-सिटी' हा पर्याय उघड. त्यात जाताना नेवार्क ते मुंबई आणि येताना नागपूर ते नेवार्क असं लिहिता येतं. किंवा मुंबईत चोवीस तासांपेक्षा जास्त थांबा मागून घे. मग तो नुसता ट्रान्झिट राहत नाही, रीतसर स्टॉपओव्हर होतो आणि पुढचं नागपूरचं विमान तुझ्यासाठी चार दिवसांनीही उभं असतं. दोन्हींत चोरून काही करायची गरज नाही.

आता बॅगांकडे वळू, कारण तुझा खरा जीव तिथे अडकलाय. प्रवासात दोन प्रश्न वेगवेगळे असतात: तुझं तिकीट कुठपर्यंत, आणि तुझी बॅग कुठपर्यंत. बायका पहिल्याची काळजी करतात आणि दुसरा काउंटरवरच्या माणसावर सोडून देतात. तसं करू नकोस. नेवार्कला बॅग पट्ट्यावर जाण्याआधी त्याला विचार, "टॅग कुठपर्यंत लावलाय?" आणि त्याच्या उत्तरावर न थांबता टॅगवर स्वतः वाच. मोठ्या तीन अक्षरांत विमानतळ लिहिलेला असतो: नागपूरला एन-ए-जी, मुंबईला बी-ओ-एम, फ्रँकफर्टला एफ-आर-ए. गोव्याला जाणाऱ्यांनी तर चष्मा लावूनच वाचावं, कारण दाबोळी जी-ओ-आय आणि मोपा जी-ओ-एक्स. एका अक्षराने बॅग राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाते.

टॅग नागपूरपर्यंतचा असेल, तर फ्रँकफर्टला बॅगांकडे बघायचंसुद्धा नाही. त्या आतल्या आत दुसऱ्या विमानात जातात. तू पिल्लाचं दूध-पाणी बघ आणि पुढचं गेट शोध. मुंबईत मात्र वेगळं. परदेशातून येताना भारतात जिथे पहिल्यांदा उतरतेस, तिथेच बहुतेक वेळा बॅगा घेऊन कस्टम्समधून जावं लागतं, टॅगवर नागपूर लिहिलेलं असलं तरी. बेल्टवरून उचलायच्या, कस्टम्स पार करायचं आणि पुढच्या प्रवासासाठी पुन्हा ताब्यात द्यायच्या. "टॅग तर नागपूरचा आहे" म्हणून हात हलवत बाहेर पडणारी मंडळी मी बघितली आहेत. त्यांच्या बॅगा बेल्टवर एकट्याच फिरत बसतात.

अमेरिकेतही तसंच. तुझी नणंद ऑस्टिनला असते ना? ती मुंबईहून निघून नेवार्कमार्गे गेली, तर तिला नेवार्कलाच बॅगा उचलून तपासणीतून जावं लागतं आणि मग बाहेरच्या ट्रान्सफर बेल्टवर परत टाकाव्या लागतात. तिथे कस्टम्सचे लोक बॅगेतलं खाणंपिणं बघतात. त्यामुळे नागपूरची ताजी संत्री आणायचा विचारही करू नकोस. सावजी मसाला, चिवडा जे काही असेल ते जाहीर कर. जाहीर केलेल्या वस्तूवर फार तर ते 'हे इथेच ठेवा' म्हणतील, लपवलेल्यावर दंड होतो. अमेरिकेत पहिल्यांदा उतरताच बॅगा उचलायच्या, याला एक मोठा अपवाद आहे. अबू धाबी, डब्लिन आणि शॅनन इथे अमेरिकेची तपासणी विमानात चढण्याआधीच होते. अबू धाबीत ही सोय २०१४ पासून आहे. तिथून गेलीस की अमेरिकेत उतरताना तू देशांतर्गत प्रवाशासारखी, आणि बॅग थेट शेवटच्या गावाला.

आता बघ, मोह कुठे होतो. मुंबईत बॅगा हातात येतातच, मग ट्रॉली ढकलत सरळ टॅक्सीकडे वळलं तर कोण अडवणार? अडवणार कुणीच नाही. म्हणून मी आधी तिकिटाचं सांगितलं. मुंबईत बॅग तुला अडकवत नाही, तिकीट अडकवतं. आणि फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी दोन्ही अडकवतात, कारण तिथे बॅग तुझ्या हाती येतच नाही. तू फ्रँकफर्टला मैत्रिणीकडे उतरलीस, तर बॅगेमुळे विमानातल्या सगळ्यांचा खोळंबा होतो.

का होतो, ते जरा थांबून ऐक. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर असताना स्फोटात कोसळलं. ३२९ माणसं गेली. स्फोटकं ज्या बॅगेत होती, ती एका प्रवाशाने व्हँकुव्हरला चेक-इन करून पुढच्या एअर इंडियाच्या विमानात टाकायला लावली होती. तो स्वतः विमानात चढलाच नाही. बॅग पुढे गेली, माणूस मागे राहिला. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर अशाच दुसऱ्या बॅगेचा स्फोट झाला आणि बॅगा हाताळणारे दोन कामगार गेले. १९८८ मध्ये लॉकरबीवर पॅन ॲमचं विमान पडलं, तेव्हाही स्फोटकं चेक-इन झालेल्या बॅगेतच होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय विमानांसाठी नियम कडक झाला: प्रवासी चढला नाही तर त्याची बॅगही उतरवायची. म्हणून तू एका कोपऱ्यात कॉफी पीत बसलीस, की तिकडे तुझ्या नावाचा पुकारा होतो आणि माणसं विमानाच्या पोटातून तुझी बॅग शोधत बसतात. कधी प्रवासात एखादं विमान "एका प्रवाशाचं सामान उतरवतोय" म्हणून थांबलं तर चिडू नकोस गं. त्या खोळंब्यामागे त्या स्फोटांत गेलेली माणसं आहेत.

खरोखरच आजारपण आलं, पिल्लाला ताप भरला आणि पुढे जाणं अशक्य झालं, तर? तर घाबरायचं नाही. ट्रान्सफर डेस्कवर जायचं, बोर्डिंग पास आणि बॅगेची पावती दाखवायची आणि विमान सुटायच्या आत सांगायचं. परतीचं तिकीट जिवंत ठेवल्याचं लेखी घ्यायचं, निदान ईमेल तरी. बोलण्यावर विश्वास ठेवून घरी जाऊ नकोस. ड्यूटी बदलली की बोलणंही बदलतं.

आता तुझ्या त्या ऑफिसमधल्या हुशार मित्राचं. तो म्हणतो ना, की अमुक शहराचं थेट तिकीट महाग असतं, म्हणून त्याच्याही पुढच्या गावाचं स्वस्त तिकीट काढायचं आणि मधेच उतरायचं. हा प्रकार नवा नाही आणि त्याच्या जोरावर वेबसाइटही चालतात. पण बघ, तो एकटा माणूस, पाठीवर सॅक, परतीचं तिकीट नाही. तुझ्याकडे दोन मोठ्या बॅगा आहेत, त्या पुढच्याच गावाला जाणार. काउंटरवर "मधल्या गावापर्यंतच टॅग लावा" म्हणालीस तर बहुतेक वेळा नकार येतो. नुसती हातातली बॅग असली तरी वरचे कप्पे भरले की विमानाच्या दारात ती काढून घेतात आणि तीही शेवटच्या गावाला पाठवतात. आणि विमान रद्द झालं तर कंपनी तुला दुसऱ्याच शहरामार्गे पाठवू शकते. तिकीट शेवटच्या गावाचं, म्हणजे मधलं गाव देण्याची त्यांची जबाबदारीच नाही!

कंपन्याही हे सहज घेत नाहीत. लुफ्तान्साने ऑस्लो ते सिअ‍ॅटल परतीचं तिकीट काढलेल्या एका प्रवाशावर दावा लावला होता. परतताना तो फ्रँकफर्टला उतरला, ऑस्लोचा टप्पा त्याने सोडला आणि वेगळ्या तिकिटावर बर्लिनला गेला. कंपनीने दोन हजार युरोंहून जास्त रक्कम मागितली. बर्लिनच्या न्यायालयाने दावा फेटाळला, तर कंपनी अपिलात गेली. २०१९ मध्ये ही बातमी जगभर गाजली. प्रवासी त्या फेरीत जिंकला हे खरं. पण लेकरू कडेवर घेऊन तुला कोर्टकज्जे करायचेत का?

तुझा दुसरा विचारही वाचला: मुंबईपर्यंतचं एक तिकीट आणि नागपूरचं वेगळं, स्वस्तात. चालेल, पण काय सोडते आहेस ते माहीत असू दे. एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम असतं आणि बॅगही तुझ्यामागून येते. दोन तिकिटं असली की दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तू नुसती उशिरा आलेली बाई. शिवाय वजनाचं बघ. परदेशातून येताना तुझ्या तिकिटावर तेवीस किलोच्या दोन बॅगा आहेत. भारतातल्या बऱ्याच साध्या तिकिटांवर मिळून पंधराच किलो. उरलेल्या प्रत्येक किलोचे पैसे मोजताना स्वस्ताई कुठच्या कुठे जाते. मुंबईत टर्मिनलही बदलू शकतं, आणि ते रस्त्याने गाठावं लागतं. वेगळं तिकीट काढलंसच, तर मधे पाच-सहा तास ठेव किंवा सरळ एक रात्र. परदेशात मात्र हे असं तिकिटं जोडणं टाळच. बॅग घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि तो नसेल तर बॅग आत, तू त्याहून आत.

बॅगा भरतानाचं थोडं ऐक, मग सोडते तुला. जुन्या प्रवासाचे टॅग आणि ते छोटे बारकोडचे स्टिकर सगळे काढून टाक, यंत्र त्यांनाही वाचतं. नाव, फोन आणि नागपूरचा पत्ता बाहेर तर लावच, पण एक चिठ्ठी आतही ठेव. बॅगेचा एक फोटो काढ, बंद आणि उघडी दोन्ही. मुठीला लाल-पिवळी चिंधी बांध. हसू नकोस! काळ्या बॅगेच्या नादात मी एकदा एका आजोबांची बॅग घेऊन चालू लागले होते, ते मागून काठी आपटत आले. दागिने, औषधं, कागदपत्रं, पिल्लाचे दोन दिवसांचे कपडे हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच, ती चेक-इन बॅगेत चालत नाही. आणि परत निघताना आईला सांग, सुकं खोबरं चेक-इन बॅगेत देऊ नकोस. ते पेट घेऊ शकतं म्हणून भारतात त्यावर बंदी आहे. कधी दुबईमार्गे गेलीस तर खसखसही नको, तिथे ती बेकायदा आहे. बाबागाडी देताना विचारून घे, की ती फ्रँकफर्टला विमानाच्या दारात मिळणार की थेट शेवटी बेल्टवर. दारात नसेल मिळणार तर पिल्लाला बांधायचं कापड जवळ ठेव.

एवढं करूनही बॅग आली नाही तर? आधी हे ऐक, की जगभरात हजार प्रवाशांमागे साधारण सहा-सात बॅगांचा घोळ होतो, आणि त्यातल्याही बहुतेक बॅगा हरवत नाहीत, उशिरा येतात. टप्पे बदलतानाच त्या जास्त चुकतात, त्यामुळे दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ असणं हीच अर्धी काळजी मिटवते. तरी नाहीच आली, तर बेल्टच्या हॉलमधून बाहेर पडू नकोस. तिथेच बॅगेज काउंटरवर तक्रार लिहून घे, तिला पी-आय-आर म्हणतात, आणि तिचा क्रमांक घे. एकदा बाहेर गेलीस की बॅग तुला तिथे मिळालीच नव्हती हे पटवणं अवघड होतं. ब्रश, पिल्लाचे कपडे, डायपर जे घ्यावं लागेल ते घे आणि बिलं जपून ठेव; वाजवी खर्च मागता येतो.

तारखा फ्रिजवर चिकटवून ठेव. बॅग फुटून आली असेल तर लेखी तक्रार सात दिवसांत. उशिरा आली असेल तर हाती आल्यापासून एकवीस दिवसांत. ज्या दिवशी यायला हवी होती त्यानंतर एकवीस दिवस गेले आणि तरी आली नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. दाव्याची मुदत दोन वर्षं. हे सगळं १९९९ च्या माँट्रियल करारात आहे, आणि भारतानेही तो २००९ मध्ये स्वीकारला. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, साधारण दोन हजार डॉलर धर. पैठण्या भरताना ही मर्यादा आठव!

आणि हे सगळं ज्याच्या जोरावर मागायचं, ती बॅगेची छोटी पावती, बोर्डिंग पासवर चिकटवतात ती, दहा आकडी क्रमांकाची. तिचा आधी फोटो काढ आणि नवऱ्याला पाठव. घरी पोहोचलीस, बॅगा उघडल्यास, सगळं जागच्या जागी दिसलं की मगच ती टाकून दे. तोवर ती पिल्लाच्या हाती लागू देऊ नकोस गं. त्या वयात कागद पोटात जातो, आणि कंपनी डॉक्टरचा रिपोर्ट पुरावा म्हणून घेत नाही.